पदवीच्या वयातलं अर्थशास्त्र

नमस्कार श्रोतेहो.

पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींनी अर्थशास्त्रावर लिहिलेल्या उत्तम शोधनिबंधांना अनेक विद्यापीठं आणि संस्था पुरस्कार देतात. ‘या वयात कसलं आलंय संशोधन?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे मत मुळीच पटत नाही आणि त्याचं पहिलं कारण आहे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस.

१९३१ साली कोस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पदवीचे विद्यार्थी होते. त्यांना प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेला गेले. तिथे वर्गात फारसे न बसता ते कारखाने पाहत, उद्योजकांशी बोलत हिंडले. डोक्यात प्रश्न एकच. बाजारातल्या किमतीच सगळे व्यवहार जुळवून आणतात, असं आपल्याला शिकवतात. मग कंपनीच्या आत काम वरच्याच्या हुकमाने का चालतं? मुळात कंपन्या असतातच कशाला? उत्तर त्यांना सापडलं. बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो. किंमत काढा, घासाघीस करा, करार करा, तो पाळला जातोय की नाही ते बघा. हा खर्च डोईजड झाला की एका छपराखाली काम करून घेणं स्वस्त पडतं. १९३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या एका व्याख्यानात त्यांनी हा विचार मांडला, तेव्हा त्यांचं वय २१ होतं. तो छापून आला १९३७ मध्ये आणि नोबेल मिळालं १९९१ मध्ये.

यात अवघड गणित कुठेच नाही. म्हणून परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: निबंधातली समीकरणं मोजू नका. विद्यार्थ्याचा प्रश्न खरा त्याचा आहे का, आणि उत्तरासाठी तो स्वतः कुठवर गेला, ते आधी पाहा.

दुसरी गोष्ट आकडेवारीची. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध गाजला. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असं त्यात दिसत होतं. टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून तेच गणित पुन्हा करायला घेतलं, पण ते जुळेना. मूळ लेखकांनी आपली एक्सेलची फाइल त्याला दिली, हा त्यांचा मोठेपणा. सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींना लागायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीलाच थांबलं होतं. पाच देश गळाले होते! काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचं हेही मुद्दे होतेच. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये सगळं नव्याने मांडलं, तेव्हा तोच दर २.२ टक्के निघाला.

हर्नडन पीएचडी करत होता हे खरं. पण प्रसिद्ध झालेला निबंध आणि त्याची आकडेवारी घेऊन प्रत्येक आकडा पडताळून पाहणं पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमतं. अशा पडताळणीला बहुतेक वेळा ‘यात नवीन काय?’ म्हणून बाजूला सारलं जातं. हा अन्याय आहे. तसाच अन्याय ‘परिणाम आढळला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर होतो. एखाद्या योजनेचा परिणाम शोधला आणि तो दिसला नाही, तर तेही ज्ञानच आहे. बक्षिसाच्या ओढीने मुलं आकडे पिळून काहीतरी ठळक काढायला शिकली, तर ती सवय पुढे सुटत नाही.

तेव्हा पुरस्कार देणाऱ्यांनी निबंधासोबत आकडेवारीची फाइलही मागवावी आणि परीक्षकांपैकी एकाने ती उघडून एक तरी तक्ता स्वतः करून पाहावा. शिवाय बक्षीस मिळो न मिळो, निबंध पाठवणाऱ्या प्रत्येकाला परीक्षकाचा लेखी अभिप्राय मिळावा. अर्धं पान पुरे. आणि विद्यार्थीमित्रांनो, विषय ठरवताना मार्गदर्शकाकडे यादी मागू नका. पाठ्यपुस्तकातलं कोणतं वाक्य तुम्हाला पटत नाही, ते त्यांना जाऊन सांगा.

नमस्कार.