भोजनाचे मेज आणि बाप्तिस्म्याचे कुंड

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘एपिस्कोपल मंडळीतील विविधता आणि उपासना’ असा भारदस्त शब्दांत छापला आहे. एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, अमेरिकेतले चर्च. माझे म्हणणे त्या मानाने साधे आहे. एखादी मंडळी परक्याला कितपत आपले मानते, हे तिच्या दारावरच्या पाटीवरून कळत नाही. तिने प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचे, मेज कुठे मांडले आहे आणि त्याभोवती कोणाला उभे राहू दिले आहे, यावरून ते कळते.

पाटीविषयी मात्र माझी जुनी तक्रार आहे, ती आधी ऐकून घ्या. एपिस्कोपल चर्च आपले स्वागत करते, अशी पाटी अमेरिकेत गावोगावी रस्त्याच्या कडेला दिसते. तिच्यावर विश्वासून मी एका चर्चमध्ये गेलो. त्याचे नाव मुद्दामच घेत नाही. दारात माझ्या खिशावर नावाची चिठ्ठी चिकटवण्यात आली आणि हातात प्रार्थनापुस्तक, गीतपुस्तक व वर उपासनेचा क्रम छापलेला कागद असा ऐवज ठेवण्यात आला. केव्हा उभे राहायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे हे इतरांच्या अंगवळणी पडलेले होते, त्यामुळे सगळे बसले की मी उभा आणि सगळे उठले की मी बसलेला, असा माझा स्वतंत्र कार्यक्रम तासभर चालला. नंतर तळघरातल्या दालनात कॉफी होती. तिथे दोघा गृहस्थांनी माझ्या इंग्रजीला प्रशस्तिपत्र दिले आणि एका आजीबाईंनी, तुमच्याकडे येशूचे नाव पोहोचले आहे का, असे अगदी आस्थेने विचारले. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालचे, म्हणजे तुमच्या राष्ट्राहून वयाने मोठे आहे, असे मी नम्रपणे सांगितले. त्यानंतर माझ्याशी कोणी बोलले नाही. (हशा.) त्या माणसांच्या मनात खोट नव्हती. पण त्या घरात यजमान कोण आणि पाहुणा कोण हे आधीच ठरलेले होते, आणि पाहुण्याने पाहुणाच राहावे अशीच तिथली सारी मांडणी होती.

आता सॅन फ्रान्सिस्कोच्या पोत्रेरो हिल भागातल्या सेंट ग्रेगरी ऑफ निसा या चर्चकडे येऊ. ही मंडळी १९७८ साली सुरू झाली आणि १९९५ साली तिने स्वतःची वास्तू उभारली. मुख्य दारातून आत येताच समोर मेज येते, आणि त्याच्या आजूबाजूला एकही बाक नसतो. वाचन आणि प्रवचन दुसऱ्या दालनात, समोरासमोर मांडलेल्या आसनांवर बसून होते. प्रवचनानंतर काही काळ शांतता पाळून श्रोते स्वतःचे अनुभव सांगतात. मग सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, गात, ठेक्यावर पावले टाकत मेजाकडे येतात. वर भिंतीवर सुमारे ९० संत नाचताना रंगवले आहेत, आणि त्यांत गांधीजी, कृष्णवर्णीयांचे मुस्लिम नेते माल्कम एक्स आणि नाझी छळाला बळी पडलेली ज्यू मुलगी ॲन फ्रँकही आहेत. मेजाच्या एका बाजूला लूकच्या शुभवर्तमानातले एक वाक्य ग्रीक भाषेत कोरले आहे : हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला जेवतो. परूशी, म्हणजे त्या काळच्या कर्मठ ज्यू पंथाच्या, लोकांनी येशूला मारलेला हा टोमणा या मंडळीने ब्रीद म्हणून मिरवला आहे. उपासना संपली की कॉफी आणि खाणे याच मेजावर येते. २००० साली सारा माइल्स या बाईंनी याच मेजाभोवती भाजी, फळे आणि धान्य मांडून गरजूंना वाटायला सुरुवात केली. त्या स्वतः श्रद्धा नसताना इथे आल्या होत्या आणि बाप्तिस्म्याआधीच, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा घेण्याआधीच, त्यांना प्रभुभोजनाची भाकर मिळाली होती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि कबूल केलेला मुद्दा अजून सुरूही झालेला नाही. तो थोडक्यात सांगतो.

रूढ पद्धतीत आधी बाप्तिस्मा आणि मग प्रभुभोजन असा क्रम असतो. सेंट ग्रेगरीचे बाप्तिस्म्याचे कुंड मेजाच्या पलीकडे, इमारतीबाहेर आहे. म्हणजे आधी जेवण, मग पाणी. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन देऊ नये असा एपिस्कोपल चर्चचा लिखित नियम आहे, तेव्हा ही मंडळी नियमाच्या विरोधात जाते हे मान्य करायला हवे. नियमाच्या बाजूचे लोक म्हणतात की बांधिलकीविना पंगत उथळ होते. आक्षेप वजनदार आहे, परंतु अर्धवट प्रवेशाचे काय होते ते याच चर्चच्या इतिहासात दिसते. ॲब्सलम जोन्स यांची फिलाडेल्फियातली कृष्णवर्णीय मंडळी १७९४ साली चर्चमध्ये सामील करून घेतली गेली, पण प्रांतिक परिषदेत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क तिला कित्येक दशके मिळाला नाही. ज्यांच्या आजोबांनी पंक्तिभेद सोसला, त्यांना याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

आणि जाता जाता आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या आपल्याला धर्म शिकवणाऱ्या सिस्टरांशी त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धान्तावरून पत्रोपत्री वाद घालत राहिल्या. सिद्धान्त पटल्याशिवाय मान्य करणार नाही असे म्हणणाऱ्या या बाईंचा स्मृतिदिन, ५ एप्रिल, आज अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या दिनदर्शिकेत आहे. वाद मिटेपर्यंत त्यांना दाराबाहेर थांबवायला हवे होते का, हे नियमाचा आग्रह धरणाऱ्यांनी मला सांगावे. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला असेल, तर मी थांबतो.