ती दिसू देते म्हणून

(दृश्य: पहाट. कोरड्या ओढ्यातली मऊ वाळू. कॅमेरा जमिनीलगत.)

या ठशाकडे नीट बघा. चार बोटं, मागे तळव्याची गादी आणि नखांची खूण कुठेच नाही. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. तरस असतं तर बोटांच्या पुढे नखं उमटली असती. ठसा आटोपशीर आहे, म्हणजे मादी. नराचा पंजा याहून थोराड असतो.

आता ठशाच्या खाली बघा. काल संध्याकाळी इथून जीप गेली, तिच्या टायरची नक्षी या पंजानं मोडली आहे. म्हणजे ती जीपनंतर आली. आणि ठशावरून एक बारीक रेघ आडवी गेलीय, दिसते? रात्री फिरणाऱ्या किड्याची ती वाट. म्हणजे किडा हिंडत होता, त्याच्या आधीच ती पुढे निघून गेली होती.

आमच्या ट्रॅकरनं हे मिनिटाभरात वाचलं. जीपच्या बॉनेटवर, अगदी पुढे, त्याची एक उघडी खुर्ची असते. तिच्यावरून तो उतरला, वाकला, हातातल्या काडीनं ठशाभोवती गोल काढला आणि मान वर न करता पूर्वेकडे बोट केलं. आम्ही कॅमेरे सरसावून बसलेली माणसं तोवर फक्त वाळू बघत होतो.

(दृश्य: जीप चालू होते. गवतावर धुकं. सूर्य वर येतो.)

हे साबी सँड. दक्षिण आफ्रिकेच्या पुमालांगा प्रांतातलं, सुमारे 65000 हेक्टरांचं खासगी राखीव रान. दक्षिणेला साबी नदी, मधून वाहणारी सँड नदी, म्हणून हे नाव. पूर्वेला क्रुगर राष्ट्रीय उद्यान. दोघांच्या मध्ये एके काळी तारेचं कुंपण होतं. 1993 मध्ये ते काढलं. आज हत्ती सकाळी क्रुगरमध्ये आणि दुपारी साबी सँडमध्ये असतो, त्याला विचारणारं कोणी नाही.

जुलै महिना आहे. आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतील, इथे मात्र ऐन हिवाळा आणि कोरडा ऋतू. गवत पिवळं पडलंय, विरळ झालंय. पहाटे उघड्या जीपमध्ये बोटं वाकत नाहीत. पण बिबट्या बघायला हाच काळ चांगला, कारण लपायला आडोसा कमी आणि पाणी मोजक्याच ठिकाणी.

या रानात पहिल्यांदा आलेल्या मराठी माणसाला एक गंमत वाटते. झाडं अनोळखी, पण तोंडवळा ओळखीचा. हा समोरचा मरुला, आत्ता निष्पर्ण उभा आहे, तो आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातला. ते गाठाळ काट्यांचं झाड आपल्या खैराचं चुलतभावंड. रस्त्याकडेची ती काटेरी झुडपं तर तीच, आपल्या माळावरची सिगमकाठी. आणि नदीकाठचा तो मोठा, गर्द जॅकलबेरी म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. या झाडाकडे लक्ष ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

(दृश्य: सँड नदीचं कोरडं पात्र. हत्तींचा कळप.)

माग नदीपाशी आला आणि तिथे हत्ती उभे होते. थोरली मादी, तिच्या मागे माद्या, मध्ये पिल्लं. वरून पात्र कोरडं ठणठणीत, पण वाळूखाली पाणी आहे हे त्या थोरलीला ठाऊक. तिनं पुढच्या पायानं वाळू उकरली, सोंडेनं ओली वाळू बाजूला टाकली, पुन्हा उकरली. खड्ड्यात पाणी झिरपायला वेळ लागतो. ती थांबली. सगळा कळप थांबला. पहिलं पाणी गढूळ, ते तिनं उपसून फेकलं. मग ती प्यायली आणि मग बाकीच्यांची पाळी. तिच्या पोटाखाली उभ्या असलेल्या पिल्लाला सोंड कशी वापरायची हे अजून नीट जमत नव्हतं. ते गुडघ्यावर टेकून थेट तोंडानंच पाणी पिऊ लागलं.

पाऊण तास आम्ही इंजिन बंद करून बसलो. हत्ती गेल्यावर त्यांच्या खड्ड्याशी आधी पारवे आले, मग एक वॉर्टहॉग, इथलं सुळेवालं रानडुक्कर. हत्तींनी उकरलेल्या पाण्यावर इथे किती जणांचा हिवाळा निघतो!

पण तिचा माग पुसला गेला होता. इतक्या पायांखाली एक पंजा कुठे उरणार?

(ध्वनी: खारीची चिडचिड. इम्पालाचं फुरफुरणं.)

ट्रॅकर आता खाली बघत नव्हता. मान तिरकी करून ऐकत होता. डावीकडे एक खार एकसारखी ओरडत होती, शेपटी झटकत, एकाच जागेकडे तोंड करून. खार सापावरही ओरडते, घुबडावरही, म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. कोतवाल पक्ष्यावर तर मुळीच नाही. इथला कोतवाल दुसऱ्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो आणि घाबरून पळालेल्यांचा घास उचलतो. मग इम्पाला हरणांच्या कळपातली एक मादी जोरात फुरफुरली, पाठोपाठ दुसरी. सगळ्यांची तोंडं जॅकलबेरीकडे.

इम्पाला उगाच फुरफुरत नाही.

(दृश्य: जॅकलबेरीची आडवी फांदी. पानांतून लोंबणारी शेपटी.)

आधी शेपटी दिसली. मग फांदीच्या दुबेळक्यात अडकवलेली इम्पाला. आणि त्या शिकारीमागे, हनुवटी फांदीवर टेकून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी आमच्याकडे बघणारी ती.

ती उठली नाही. गुरगुरली नाही. आमच्यापासून तिचं झाड पंधरा पावलांवर होतं. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

माझ्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या माणसानं बिबट्या पाहिलाय तो कसा? रात्री घाटात गाडीच्या उजेडात एक उडी. नाहीतर पिंजऱ्याच्या गजांवर डोकं आपटून रक्ताळलेला. निवांत झोपलेला रानातला बिबट्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. ही का पळत नाही, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला. त्याचं उत्तर बरंच मागे जातं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बंदुका, मेलेले सिंह, बैलगाड्या.)

हे शिकारीचं रान होतं. 1898 मध्ये इथे साबी अभयारण्य जाहीर झालं. 1902 मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन पहिले वॉर्डन म्हणून आले. त्यांनी शिकाऱ्यांना हाकललं, आणि इथे राहणाऱ्या माणसांनाही. लोकांनी त्यांना नाव ठेवलं स्कुकुझा, झाडून साफ करणारा. क्रुगरचं सर्वात मोठं ठाणं आज त्याच नावाचं आहे. ज्यांची वस्ती उठली त्यांच्या तोंडचं नाव सरकारी पाटीवर लागलं, हे मला त्या पाटीखालून जाताना दर वेळी आठवतं. साबी सँडमधल्या मालामाला या भागावर न्वांदलामहारी समाजानं आपल्या पूर्वजांची जमीन म्हणून दावा लावला होता. 2013 मध्ये सुमारे 1 अब्ज रँड मोजून सरकारनं ती जमीन घेऊन त्यांच्या हवाली केली. त्यांनी तिथलं रान रानच ठेवलं आहे.

आणि बिबट्या? शिकारीचा धाक होता तोवर इथेही तो माणसाची चाहूल लागताच नाहीसा व्हायचा. 1979 मध्ये लोंडोलोझी या भागात जॉन वार्टी आणि एल्मन म्लोंगो या दोघांनी एका मादीचा माग धरला. म्लोंगो इथल्या शांगान समाजातले ट्रॅकर. पद्धत साधी. ती दिसली की थांबायचं. ती अस्वस्थ झाली की मागे फिरायचं. पाठलाग नाही, घेराव नाही, तिच्या वाटेत गाडी आडवी घालणं नाही. उद्या पुन्हा यायचं. हळूहळू तिला कळलं की या गाडीपासून अपाय नाही. तिची पिल्लं आईच्या कुशीतून गाड्या बघत मोठी झाली. त्यांचीही पिल्लं तशीच. बिबट्याच्या लेकी मोठ्या झाल्यावरही आईच्या आसपासच आपला इलाका मांडतात, त्यामुळे ही सवय त्याच रानात मायलेकींकडून पुढे जात राहिली.

म्हणजे ही झाडावरची आमच्यासमोर डोळे मिटते, त्यात चाळीसहून जास्त वर्षांचा शब्द पाळलेला आहे. एखाद्यानं तो मोडला तर तो नुसत्या एका बिबट्याशी मोडत नाही.

(दृश्य: तिच्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट.)

मिशांची सर्वात वरची ओळ पाहा. तिच्याही वर काही सुटे ठिपके आहेत. एका गालावर तीन, दुसऱ्या गालावर दोन. हे आयुष्यभर बदलत नाहीत, म्हणून इथे प्रत्येक बिबट्याची ओळख या आकड्यांनी ठेवतात. तीनास दोन. मार्गदर्शक दररोजच्या नोंदी ठेवतात: कोण कुठे दिसलं, पिल्लं किती, शिकार काय, झाडावर चढवली का. या वह्यांमधूनच शास्त्रज्ञांना कळलं की इथे दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 12 बिबटे राहतात. ही घनता फार मोठी आहे.

त्याच नोंदींनी एक जड गोष्टही सांगितली. जन्मलेल्या 100 पिल्लांपैकी साधारण 37 च स्वतःच्या पायावर उभी राहतात. सिंह मारतात, तरस मारतात, पण सर्वात जास्त पिल्लं नवा नर बिबट्या मारतो. इलाका जिंकून आलेला नर दुसऱ्याची पिल्लं संपवतो, म्हणजे मादी पुन्हा माजावर येते. त्याला क्रूर म्हणावं असं मला वाटत नाही. पण पिल्लू गेल्यावर आई त्या जागेशी परत परत येऊन हाका मारते, हे इथल्या ट्रॅकरांनी पाहिलेलं आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली जातो.

(ध्वनी: रेडिओची खरखर.)

मार्गदर्शकानं रेडिओवर हलक्या आवाजात कळवलं: इंग्वे. झुलू भाषेत बिबट्या. पाहुण्यांना कळू नये आणि आधीच आशा लागू नये म्हणून ही मंडळी प्राण्यांची नावं स्थानिक भाषांत घेतात. एका जागी एका वेळी तीनच गाड्या, असा नेम आहे. चौथीनं लांब थांबायचं आणि कोणीतरी निघालं की यायचं. जीपमध्ये उभं राहायचं नाही. बसलेल्या माणसांसकट जीप हा तिच्या लेखी एकच ओळखीचा आकार असतो. कोणी उभं राहिलं की तो आकार फुटतो आणि तिला माणूस दिसतो.

(दृश्य: झाडाखाली तरस.)

झाडाखाली तरस आलं होतं. ठिपक्यांचं, भक्कम मानेचं. बसून वर बघत राहिलं. शिकार झाडावर नेण्याचं कारण हेच. एकटा बिबट्या तरसाशी झुंजत नाही. जखमी पायानं पुढची शिकार कशी करणार? म्हणून मृत जनावराचा गळा तोंडात धरून, प्रसंगी स्वतःहून जड ओझं घेऊन तो सरळ खोडावर चढतो. जिराफाचं लहान पिल्लूही असं वर नेलेलं पाहण्यात आलं आहे. दुपारी ती खाऊ लागली, तेव्हा एक पाय सुटून खाली पडला. तरसानं तो जमिनीला टेकू दिला नाही.

(दृश्य: झपाट्यानं बदलणारी दृश्यं.)

त्या दिवशी बाकीही बरंच दिसलं. रानकुत्र्यांची टोळी धुळीतून सरकत गेली. आपले कोळसून ते वेगळे, हे चितकबरे, गोल कानांचे. पाणवठ्यावर रानम्हशी. आणि दोन पांढरे गेंडे, शिंगं कापलेले. शिंग नसलं तर चोरटे मारणार नाहीत, या आशेनं ते भूल देऊन कापतात. 2010 च्या सुमारास क्रुगरमध्ये 10000 हून अधिक पांढरे गेंडे होते. 2020 अखेरीस जेमतेम सव्वीसशे उरले. बोथट नाकाचे ते दोघं गवत खात होते. आमच्यातलं कोणी बोललं नाही.

(दृश्य: पश्चिमेचं कुंपण. पलीकडे घरं, शेळ्या.)

पश्चिमेला कुंपण अजूनही आहे. पलीकडे बुशबकरिज भागातली गावं. तिथे ही मादी गेली आणि कोणाची शेळी धरली, तर तिच्या गालावरचे ठिपके कोणी मोजणार नाही. साबी सँडमध्ये बिबट्या निर्धास्त आहे, कारण इथे शेळी नाही, गोठा नाही, अंगणात खेळणारं पोर नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात जन्मलेल्या बिबट्याला ही मोकळीक नाही, आणि तिथल्या माणसालाही नाही. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरी मी हे चित्रीकरण दाखवायला जाणार नाही.

(दृश्य: संधिप्रकाश. जॅकलबेरी. ती खाली उतरते.)

सूर्य गेला तसं तरसही गेलं. ती डोकं खाली करून खोडावरून उतरली, आमच्या जीपच्या चाकाला जवळजवळ घासून पुढे गेली. तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. कातळाच्या टेकाडापाशी थांबून तिनं हाक दिली. नराचा करवतीसारखा घोगरा आवाज नव्हे. नाकातून काढलेला, मऊ, तुटक.

दोन कातळांमधल्या फटीत काहीतरी हललं.

मार्गदर्शकाचा हात किल्लीवर होता. त्यानं ट्रॅकरकडे पाहिलं. अंधारात पिल्लावर झोत टाकायचा नाही, हाही इथला नेम. ट्रॅकरनं हातातला दिवा मालवून मांडीवर ठेवला. टेकाडावरून पुन्हा ती मऊ हाक आली, आणि या वेळी तिला उत्तर आलं, बारीक, चिरकं.

आम्ही गाडी मागे घेतली.