पंचमाची तार

(पडद्यावर खुंटी आणि बोटं. सुरुवातीला निवेदन नाही.)

ही तंबोऱ्याची पहिली तार. एरवी ती पंचमात, म्हणजे 'प'मध्ये लावतात, मग मधली षड्जाची, 'सा'ची जोडी आणि शेवटी खर्ज, खालचा 'सा'. पण ही मुलगी आज तरुणांच्या गाण्याच्या सभेत मारवा हा राग गाणार आहे आणि मारव्यात पंचम नसतो. म्हणून पहिली तार चढवून निषादाला, 'नी'ला न्यायची. या एका कामाला अकरा मिनिटं लागली. आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

जुलै संपत आलाय. नागपुरात दोन दिवसांपासून झड लागली आहे. हवेत अशी ओल असली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून स्वर उतरतो. तबलजी बाजूच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारतो, बोटाने चाट, म्हणजे पुडीची कड, वाजवून बघतो, पुन्हा हातोडी उचलतो.

"सर, तार चढूनच नाही राहिली."

"हळू घे माय. तुटते ते."

आणि तुटलीच.

आता नवी तार. खाली लंगोटाला, म्हणजे तार अडकवायच्या जागी फास, मग भोपळ्यावरच्या घोडीवरून वर, खुंटीला वेढे. स्वर जवळ आला की खुंटी सोडायची आणि राहिलेला बारीक फरक खालच्या मण्याने काढायचा. शेवटी सुताचा दोरा, घोडी आणि तार यांच्या मधे. दोरा केसभर पुढेमागे करत राहायचं. त्याची जागा सापडली की तार बोलू लागते.

(आधी दोऱ्याशिवाय तार, मग दोरा बसल्यावर. इथे कुणी बोलायचं नाही.)

ही सभा डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ आहे. 30 जुलै 1983 ला ते गेले. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. आपण बसलोय ते मात्र शे-दीडशे माणसांचं, सतरंज्या टाकलेलं एक साधं दालन. इथे फक्त तरुण गातात.

वसंतरावांचा जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. पण गाण्याचा श्रीगणेशा नागपुरातला, शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात. याच सप्रे गुरुजींकडे आणखी एक मुलगा शिकत होता, राम चितळकर. पुढे हिंदी सिनेमाने त्याला संगीतकार सी. रामचंद्र म्हणून ओळखलं. एका शहरातल्या एका गुरूकडून दोघं दोन दिशांना गेले, आणि आपल्या शाळांतून ही गोष्ट कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मारवा वसंतरावांना मिळाला तो लाहोरला, असद अली खाँ यांच्याकडे. पुढे त्यांच्या मैफलीत लोक मारव्याची वाट बघत बसायचे. कोमल रिषभ म्हणजे उतरलेला 'रे', तीव्र मध्यम म्हणजे चढा 'म', आणि षड्जावर विसावा जवळजवळ नाहीच. गाणाऱ्याला टेकायला जागा न देणारा हा राग आहे. विशीतल्या गळ्याला तो पेलायचा तर वेळ लागतो. वसंतरावांनाही लागला. कितीतरी वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करून त्यांनी गाणं सांभाळलं. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं तेव्हा ते 47 वर्षांचे होते. नाटक लिहिलं होतं नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यातल्या खाँसाहेबाची विद्या घराबाहेर जात नाही, आणि ती मिळावी म्हणून एक तरुण धडपडतो. सतरंजीवर बसलेल्या या पोरांकडे बघताना मला तोच तरुण आठवत होता.

स्पर्धेत या वयाच्या गायकाला दहा मिनिटं मिळतात. घंटा वाजली की उठायचं. दहा मिनिटांत ख्याल मांडता येत नाही. ताना दाखवून मोकळं व्हावं लागतं. इथे प्रत्येकाला पन्नास मिनिटं आहेत आणि तंबोरा जुळवण्याचा वेळ त्यातून कापत नाहीत. तबला आणि पेटीच्या साथीचं मानधन आयोजक देतात, एरवी ते गाणाऱ्याच्या घरच्यांच्या खिशातून जातं. समोर बसलेल्या आजी बघा. अकराही मिनिटं त्या हललेल्या नाहीत.

गेल्या वर्षी इथे गायलेल्यांपैकी दोघांनी गाणं सोडलं. एक बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय.

बाहेर पाऊस थांबलाय. खिडकीतून येणारा उजेड पिवळट झालाय, मारव्याची वेळ. तबलजीने हातोडी खाली ठेवली. सरांनी पेटीचा भाता उघडला, स्वर मात्र दिला नाही. तिने तो तंबोऱ्यातूनच घ्यावा म्हणून ते थांबलेत.

मुलीने डोळे मिटले. पहिला स्वर निषाद.

(इथून निवेदन नाही. आलाप पूर्ण ठेवावा.)