वहीच्या कव्हरवरची ट्रॅक्टरवाली बाई

नमस्कार मंडळी. तुमच्यातले जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, शाळा सुरू झाली की वह्यांना कव्हरं घालायला रशियन मासिकांची गुळगुळीत पानं मिळायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई होती, डोक्याला लाल रुमाल, गाल टवटवीत, आणि दिवसभर शेतात राबूनसुद्धा अंगावर धुळीचा कण नाही. शेतात जन्म काढलेली माझी आजी ते चित्र बघून म्हणाली, अगं, हिच्या हाताला घट्टे कुठायत?

आजीचा तो प्रश्न मी अजून विसरले नाहीये, आणि त्याचं उत्तर त्या चित्रामागच्या सरकारी कलाशैलीत आहे. १९३२ साली सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षानं कलावंतांचे सगळे स्वतंत्र गट बंद केले आणि १९३४ च्या लेखक परिषदेत समाजवादी वास्तववाद ही अधिकृत शैली म्हणून जाहीर झाली. वास्तव म्हणजे आज डोळ्यांना दिसतं ते नाही बरं का, पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे उद्या जे येणार ते आजच आल्यासारखं दाखवायचं. म्हणून कामगार दमत नाही, आजारी पडत नाही, म्हातारा झाला तरी ताठच.

१९३७ साली अर्काडी प्लास्तोव्ह आणि सेर्गेई गेरासिमोव्ह या दोघांनीही सामुदायिक शेतावरचा सण रंगवला, खाण्यापिण्याची नुसती रेलचेल. रंग खरंच सुंदर आहेत, मी ते नाकारत नाही. पण चारच वर्षांपूर्वी, १९३२-३३ मध्ये, युक्रेन आणि कझाकस्तानात सरकारनं धान्य उचलून नेल्यावर लाखो माणसं उपाशी मेली होती, त्यांचं चित्र काढायची परवानगी कुणालाच नव्हती. मला याचा आजही राग येतो.

आणि तरीही मॉस्कोच्या मेट्रोतलं प्लोश्चाद रेव्होल्युत्सी स्टेशन मला फार आवडतं. १९३८ चं आहे, मात्वेई मानिझेर यांचे ७६ ब्राँझचे पुतळे, कामगार, सैनिक, विद्यार्थी, बहुतेक सगळे कमानींखाली वाकून नाहीतर गुडघे टेकून बसलेले कारण उभं राहायला जागाच कमी. त्यात सीमेवरच्या जवानाचा एक कुत्रा आहे. बाकी अंग काळपट, पण नाक सोन्यासारखं लखलखतं, कारण परीक्षेला निघालेली पोरं, कामावर निघालेली माणसं जाता जाता त्याच्या नाकावरून हात फिरवतात, ट्रेन आलेली असली तरी फिरवतात, आणि मग दाराकडे पळतात.