रिसीव्हरचं बटण

(दृश्य: सकाळची वेळ. नागपूरचा वर्धा रोड. मेट्रोच्या खांबांच्या सावल्यांमधून चंदेरी रंगाची जुनी मर्सिडीज येते.)

ही गाडी २००५ सालची. मर्सिडीजची ई-क्लास. गाड्यांमधले जाणकार हिला डब्ल्यू २११ म्हणतात. पुण्यात जोडली गेली, आठ वर्षं दुसऱ्या घरी राहिली आणि २०१३ साली आमच्या दारात आली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. आईला सोन्याच्या पाटल्या, माझं शिक्षण, घराचा वरचा मजला, सगळं आधी झालं. गाडी शेवटी.

(दृश्य: स्टिअरिंग अगदी जवळून. बोटांनी गुळगुळीत झालेलं चामडं. एका बटणावर टेलिफोनच्या रिसीव्हरचं छोटं चित्र.)

या बटणाकडे नीट पाहा. बाबा दर रविवारी ओल्या फडक्यानं ते पुसायचे. दाबलं तर मात्र काहीच होत नसे. फोन घ्यायचं बटण होतं, पण गाडीला फोन जोडलेलाच नव्हता. दोन सीटांच्या मधल्या आर्मरेस्टखाली एक रिकामा खाचा होता. त्या काळात फोन ठेवायची खास पाळण्यासारखी बैठक मिळायची, ती तिथे बसायची. बैठकही ठरावीक मॉडेलच्याच फोनची. फोन बदलला की बैठक बदला.

१९९५ साली मर्सिडीजची पहिली ई-क्लास पुण्यात तयार झाली. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. गाडी आणि मोबाइल आपल्याकडे एकाच वर्षी आले म्हणा ना. पण गाडी वीस-पंचवीस वर्षं टिकावी म्हणून घडवतात, आणि फोन दर तीन-चार वर्षांनी बदलतो. रिकामा खाचा तिथूनच आला.

(दृश्य: बुटीबोरीच्या पुढचा रस्ता. दोन्हीकडे कापसाची शेतं.)

माझी आत्या वर्ध्याला राहते, एकटी. बाबा दर शनिवारी तिच्याकडे जातात. नागपूर ते वर्धा पाऊणशे किलोमीटर. बाबा निघाले की बुटीबोरीच्या आसपास तिचा फोन येणार म्हणजे येणारच. "निघाला का रे? कुठवर आला?" बाबा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. वय झालं तरी तिच्यासाठी ते धाकटेच, आणि तिचा फोन न उचलणं त्यांना कधी जमलंच नाही.

एका शनिवारी मी शेजारी बसलो होतो. फोन वाजला. बाबांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं खिसा चाचपला, फोन काढला, कान आणि खांद्यात धरला. गाडी ताशी ८० किलोमीटरनं धावत होती. त्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. फोन काढून कानाला लावायला तीन सेकंद धरा. बाबांचं लक्ष खिशात असताना आम्ही सहासष्ट मीटर पुढे गेलो होतो. समोर एक ट्रॅक्टर होता. काही झालं नाही. पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरलं. पहिल्या वेळी दंड १००० ते ५००० रुपये, तुरुंगवासही होऊ शकतो. बाबांना मी कायदा सांगितला नाही. "आत्याला काय वाटेल?" एवढंच विचारलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "त्या बटणाचं काही करता येते का पाहा."

(दृश्य: दुकानाच्या काउंटरवर मांडलेले फोनचे स्टँड, छोटे स्पीकर, सिगारेट लायटरमध्ये खुपसायची यंत्रं.)

सोपे उपाय बाजारात भरपूर आहेत. लायटरच्या सॉकेटमध्ये बसवायचं, फोनचा आवाज गाडीच्या रेडिओकडे पाठवणारं एफएमवालं यंत्र घेतलं. शहरात एफएमची पट्टी स्टेशनांनी भरलेली. आत्याच्या आवाजात मधेच गाणं घुसायचं. मग उन्हापासून डोळे झाकायच्या पट्टीला अडकवायचा स्पीकर आणला. त्याला स्वतःची बॅटरी असते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, तेव्हा काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या आत किती होत असेल? दोन महिन्यांत तो स्पीकर फुगला. हा तर धोकाच. लिथियमची बॅटरी भर उन्हात काचेजवळ ठेवू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

मग माझ्या हातून चूक झाली. एका दुकानात मी गाडीचा मूळ रेडिओ काढून मोठा अँड्रॉइडचा पडदा बसवायला दिला. संध्याकाळी फोन आला, बसत नाही म्हणून. त्यांनी जुना रेडिओ परत लावून दिला. गाडी घरी आली तेव्हा मुकी झाली होती. रेडिओ चालू होई, आकडे दिसत, पण एकाही स्पीकरमधून आवाज नाही. बाबा काही बोलले नाहीत. गाडीत बसून त्यांनी आवाजाची कळ तीन-चार वेळा फिरवून पाहिली आणि उतरले. रागावले असते तर बरं झालं असतं.

(दृश्य: कामठी रोडजवळचं टिनाचं शेड. कोपऱ्यात कूलर. भिंतीवर रंगीत वायरींची भेंडोळी.)

कोणीतरी या वायरिंगवाल्या भाऊंचं नाव सुचवलं. बाबांना त्यांनी काकाजी म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला विचारलं, "भाऊ, रेडिओ काढताना तिथे कोणी काय ओढलं, तुम्ही पाहिलं का?" मी पाहिलं नव्हतं.

या गाडीत रेडिओपासून मागच्या अँप्लिफायरपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत, आवाज तांब्याच्या तारेतून जात नाही. तो प्रकाशातून जातो. प्लास्टिकचा बारीक तंतू, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा गाभा, आणि त्यातून धावणारा लाल उजेड. या रचनेला मोस्ट म्हणतात. रेडिओ, सीडी चेंजर, अँप्लिफायर सगळे एका गोलात बसलेले. प्रत्येकानं डावीकडून घ्यायचं आणि उजवीकडे द्यायचं. पंगतीत वाढपी एकाच दिशेनं फिरतो तसं. मधे एक जरी अडला तर पुढे कोणाच्याच पानात काही पडत नाही.

(दृश्य: अंधार. गाडीच्या डॅशबोर्डवर गोधडी टाकलेली. तिच्याखाली दोन डोकी.)

भाऊंनी डॅशबोर्डवर गोधडी टाकली आणि मला आत बोलावलं. रेडिओमागचा कनेक्टर सोडवून माझ्यासमोर धरला. अंधारात एक लाल ठिपका होता. देवघरातल्या उदबत्तीच्या टोकाएवढा. "हे गाडीचं बोलणं," ते म्हणाले. मग दुसरं टोक दाखवलं. तिथेही लाल होतं, पण विझत आलेलं. गोलातून फिरून परत येईपर्यंत उजेड वाटेत कुठेतरी सांडत होता.

त्यांच्याकडे एक छोटी गोल खुंटी होती, तंतूचाच वळसा असलेली. ज्या यंत्राचा संशय, त्याला काढायचं आणि त्याच्या जागी ही खुंटी लावायची. मग गोल त्या यंत्रावाचून पुरा होतो. सीडी चेंजर काढून पाहिला, फरक नाही. अँप्लिफायर काढून पाहिला, ठिपका तसाच मंद. म्हणजे यंत्रं चांगली, दुखणं वाटेत. पाऊण तास शोधल्यावर सापडलं. रेडिओच्या मागे तंतू प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधून काटकोनात दुमडला होता. हा तंतू पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवायचा नसतो. त्याहून आवळला की उजेड वळणावर बाहेर पडतो. भाऊंनी पट्टी कापली, दुमडलेला तुकडा बदलला. स्पीकरमधून खरखर आली, मग कोणीतरी हिंदीत बातम्या सांगू लागलं. बाबा बाहेर उभे होते. त्यांनी चश्मा काढून पुसला.

खरं काम यानंतर सुरू झालं. भाऊंनी एकच अट सांगितली: गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही. उद्या हे सगळं काढायचं म्हटलं तर काढता आलं पाहिजे. हे ऐकलं आणि मी निश्चिंत झालो.

त्यांनी ब्लूटूथची जी डबी आणली ती या लाल गोलातच एक जागा घेऊन बसते. आपल्यात कंपनीचा फोन बसवलाय असं मग गाडीला वाटतं. अर्थात आधी गाडीच्या आतल्या नोंदीत फोन आहे असं लिहावं लागतं. त्यासाठी लॅपटॉप लागला आणि वीस मिनिटं. पण त्यामुळे फोन आला की रेडिओ आपोआप थांबतो, आवाज गाडीच्या स्वतःच्या स्पीकरमधून येतो, आणि स्टिअरिंगवरचं ते बटण कामाला लागतं.

माइकला सगळ्यात जास्त वेळ लागला. आरशाजवळ छताला बसवायचं ठरलं, तोंडापासून हातभर, एसीच्या झोतापासून बाजूला. वायर काचेकडेच्या खांबातून खाली आणायची होती. त्या खांबाच्या आवरणाखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघातात बॅग उघडताना अडेल. भाऊंनी वायर मागून ओवली आणि कापडी टेपनं गुंडाळली. काळी प्लास्टिकची टेप आपल्याकडच्या उन्हात चिकट पाझरते, दोन उन्हाळ्यांत सुटते. वीस वर्षं जुन्या आवरणाच्या दोन क्लिपा तुटल्या. त्या नव्या लावल्या.

मग मी शेडच्या बाहेर जाऊन फोन लावला. बाबा आत. "आवाज येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं. "येऊन राहिला, पण मागे समुद्र आहे!" मी म्हणालो. तो कोपऱ्यातला कूलर होता. दहा-बारा सेकंदांत मात्र समुद्र ओसरला. एकसारखा चालणारा आवाज डबी ओळखते आणि गाळते. भाऊ म्हणाले, "घरघर जाते काकाजी. टकटक जात नाही." स्पीकरमधला माझाच आवाज माइकमध्ये शिरून मला परत ऐकू येऊ नये, हेही तीच डबी सांभाळते.

डबी निवडताना आवाजाचा दर्जा जरूर विचारा. जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, नव्यात १६०००. कमी नमुन्यांत बारीक, उंच आवाज गळतात. मराठीत 'स', 'श' आणि 'फ' यांची गल्लत होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवर समजायला हा फरक फार मोठा आहे. फोन आणि डबी दोघंही नव्या प्रकारचे असतील तरच तो मिळतो.

(दृश्य: रात्र. बंद गाडी. बॅटरीजवळ मीटर, त्यावरचे आकडे हळूहळू उतरताना.)

गाडी त्यांनी रात्रभर ठेवून घेतली. कुलूप लावल्यावर गाडी हळूहळू झोपते, आणि नवी डबी तिच्यासोबत झोपते की नाही ते पाहायचं होतं. झोपलेल्या गाडीनं बॅटरीतून घेतलेला प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत राहावा. डबी जागी राहून अर्धा अँपिअर खात बसली, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, आणि आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू होत नाही. मीटर ३० वर येऊन थांबला, तेव्हा कुठे त्यांनी शटर ओढलं.

(दृश्य: शनिवार. बाबा गाडी चालवत आहेत. बुटीबोरी मागे पडते.)

बोलताना लक्ष वाटलं जातंच, हात मोकळे असले तरी. म्हणून बाबांनी स्वतःच ठरवलंय: चौकात आणि ओव्हरटेक करताना फोन घ्यायचा नाही, आणि घेतला तर दोन वाक्यांत संपवायचा.

फोन वाजतो. रेडिओ थांबतो. बाबांचा अंगठा त्या बटणावर जातो.

"निघाला का रे? कुठवर आला?"

"बुटीबोरी झाली ताई. मग बोलतो."

पुढे केळझर जातं, सेलू जातं. वर्ध्यात शिरल्यावर पुन्हा तिचा फोन येतो. बाबा तिच्या गल्लीपाशी आलेत. इंडिकेटर लावलेला आहे, टिक, टिक, टिक. छतावरचा माइक ती टिकटिक जशीच्या तशी पलीकडे पोचवतो.

"वळून राहिला वाटते," आत्या म्हणते. "ये. चहा ठेवते."