पत्त्यात राहिलेलं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरजवळ कुंभारी नावाचं गाव आहे. तिथे 10 हजार घरांची एक वसाहत आहे. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले होते. ही घरं विडी कामगार बायकांची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं. घरांचा खर्च केंद्र सरकार, राज्य सरकार आणि या बायका, तिघांनी मिळून उचलला. वसाहतीला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं. म्हणजे आता रेशनकार्डावर हे नाव, पासबुकावर हे नाव आणि लग्नपत्रिकेत घरच्या पत्त्यातही हेच नाव.

पण गोदूताईंचं नाव ज्या लढ्यामुळे झालं, तो विड्यांचा नव्हता आणि सोलापूरचाही नव्हता. तो होता ठाणे जिल्ह्यातल्या वारली शेतमजुरांचा. डहाणू, उंबरगाव, तलासरीकडचा.

गोदूताई माहेरच्या गोदावरी गोखले, पुण्याच्या. वडील नामांकित वकील. स्वतः कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सभासद. मुंबईत त्यांनी साक्षरतेचं काम केलं, घरकामगारांची संघटना बांधली. मग शामराव परुळेकरांशी लग्न, कम्युनिस्ट पक्ष, युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवास. हे सगळं मी भरभर सांगतोय, कारण मला पोहोचायचंय ते 1945 सालापर्यंत.

त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे थोडे वारली तिथे आले होते. त्यांनी आपली हकिगत सांगितली. जमीन पूर्वी त्यांची, आता सावकार-जमीनदारांची. वरून वेठ, म्हणजे बोलावलं की मालकाच्या शेतावर फुकट राबायचं. आणि लग्नगडी! हा शब्द नीट ऐका. लग्नासाठी मालकाकडून कर्ज काढलं, की नवरा-बायको दोघंही मालकाच्या घरी बांधलेले. कर्ज फिटायचं नाही आणि माणूस सुटायचा नाही. आपल्याकडे लग्नाच्या नावानं किती गोड शब्द आहेत. त्याच भाषेत हाही एक शब्द होता.

23 मे 1945 ला झरी गावात सभा झाली. सुमारे 5 हजार वारली जमले. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोजचे 12 आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. कुणी हात उगारला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. वेठ आणि लग्नगडी पुढच्या काही महिन्यांत मोडली. सरकारी कायद्याला जे जमलं नव्हतं, ते कामावर न गेल्यानं झालं.

मग आली गवतकापणी. पावसाळा संपला की गवत कापावंच लागतं, ते कुणासाठी थांबत नाही. मजुरांनी नेमका तोच मोका साधला. 500 पौंड गवताला अडीच रुपये द्या, नाहीतर कापत नाही. जमीनदारांना हे झोंबलं.

आणि इथे गोदूताईंच्या नावाचा वापर झाला, पण तो त्यांच्या माणसांनी केला नाही. जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर निरोप पोचवला : तलवाड्याला बाई येणार आहेत, त्यांच्यावर हल्ला होणार आहे, काठ्या घेऊन या. तिकडे पोलिसांना सांगितलं, आदिवासी हल्ला करायला जमताहेत. नावावर भरवसा ठेवून माणसं हजारोंनी आली. रात्र बसून काढली. बाई तिथे नव्हत्याच. त्यांना याचा पत्ताही नव्हता. 10 ऑक्टोबर 1945. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. गोळ्या सुरू झाल्यावरही लोक हटेनात, कारण बाईंना सोडून कसं जायचं?

मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जड वाटते. आपलं नाव ऐकून माणसं मरायला थांबली, हे कळल्यावर एखाद्या बाईनं पुढची पन्नास वर्षं काय घेऊन काढली असतील! परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. संप मात्र चालू राहिला आणि मजुरांनी तो जिंकला. गोदूताईंनी पुढे या दिवसांच्या आठवणी लिहिल्या; त्या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1986 साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

8 ऑक्टोबर 1996 ला त्या गेल्या. म्हणजे त्यांचा स्मृतिदिन आणि तलवाड्याचा हुतात्मा दिन यांत दोनच दिवसांचं अंतर. 10 तारखेला आजही त्या भागात लाल बावटे घेऊन माणसं जमतात. तलासरीला, मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर, त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. ‘कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय’. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळं आहे.

नाव लांब आहे. ज्या पाड्यांवर अंगठ्याच्या एका ठशावर दोन माणसं बांधली जायची, तिथल्या मुलामुलींना परीक्षेच्या अर्जावर ते नाव चौकटीत बसवताना जरा कसरतच करावी लागत असणार. अक्षरं बारीक काढावी लागत असतील, शेवटचा शब्द खालच्या ओळीत न्यावा लागत असेल.

नमस्कार.