हँडगनसाठी परवडणारा लेसर: आधी पकड, मग प्रकाश

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. लेसर साइट, म्हणजे हँडगनला लावायचा, निशाण्यावर ठिपका पाडणारा छोटा लेसर, घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "ठिपका किती लांबवर दिसतो?" दुकानाच्या भिंतीवर सगळेच ठिपके झकास दिसतात, त्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच ठरवता येत नाही. लेसरचं काम एकच आहे: नळीशी जो कोन लावून दिला तो शेकडो फैरींनंतरही तसाच ठेवायचा. कोन हलला की ठिपका कितीही तेजस्वी असला तरी तो चुकीची जागा दाखवणार, आणि तीही मोठ्या आत्मविश्वासाने. म्हणून खर्चाला मर्यादा असेल तर पैसे आधी पकडीला (लेसर पिस्तुलाला धरून ठेवणाऱ्या भागाला) आणि समायोजनाच्या, म्हणजे ठिपका हलवणाऱ्या, स्क्रूंना द्या, मग स्विचला, मग बॅटरीला. रंग सगळ्यात शेवटी.

पकड कशी तपासायची? त्यासाठी पिस्तूल लागतच नाही. रेलचा, म्हणजे पिस्तुलाच्या नळीखाली असते तशा खाचांच्या पट्टीचा, एक सुटा तुकडा व्हाइसमध्ये (कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यात) घट्ट आवळा, त्यावर लेसर बसवा आणि १० मीटरवरच्या कागदावर ठिपक्याच्या मध्याशी पेन्सिलीने खूण करा. आता लेसर काढा, पुन्हा बसवा, पुन्हा खूण करा. असं पाच वेळा. १० मीटरवर खुणा १ सेंटिमीटरने विखुरल्या, तर २५ मीटरवर तोच फरक अडीच सेंटिमीटर होतो. एवढ्यावर निभावतं. खुणा तीन-चार सेंटिमीटर पसरल्या तर तो लेसर परत करा, कारण असा लेसर साफसफाईसाठी काढला की प्रत्येक वेळी नव्याने झिरो करावा (ठिपका गोळी लागते त्या जागी आणून ठेवावा) लागेल. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने लेसरवर हलके ठोके द्या. ठिपका लुकलुकला तर बॅटरीची स्प्रिंग कमकुवत आहे. सरकून परत जागेवर आला नाही तर आतला डायोड (प्रकाश देणारा सुटा भाग) नीट धरलेला नाही, किंवा स्क्रूच्या समोरच्या स्प्रिंगला जोर नाही. स्वस्त लेसर बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी दगा देतात. गोळीच्या धक्क्यापुढे हे ठोके काहीच नाहीत, त्यामुळे इथेच नापास झालेला पुढे टिकण्याची आशा धरू नका.

रेलबद्दल थोडं नेमकं बोलू. रेलच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पिकॅटिनी रेलची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद आणि खाचांच्या मध्यांमधलं अंतर १०.०१ मिलिमीटर. वीव्हर पद्धतीची खाच ४.५७ मिलिमीटर. त्यामुळे वीव्हरसाठी बनलेला लेसर पिकॅटिनीवर बसतो, पण लेसरची आडवी पट्टी खाचेत खुळखुळते. पिकॅटिनीचा वीव्हरवर बसतच नाही. काही पिस्तुलांच्या फ्रेमवर त्या कंपनीची स्वतःची, एकच खाच असलेली रेल असते, म्हणून "सगळ्या रेलना बसतो" या वाक्यावर जाऊ नका, आपल्या मॉडेलचं नाव यादीत आहे का ते बघा. बसवताना लेसर नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा आणि तसाच स्क्रू आवळा. गोळी सुटते तेव्हा पिस्तूल मागे येतं आणि लेसर जडत्वाने पुढे राहू बघतो. पट्टी आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

रेल नसेल तर ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कडीला) चिमटा घेऊन बसणारे लेसर मिळतात, रिव्हॉल्व्हरसाठी ग्रिपमध्येच (मुठीतच) बसवलेले मिळतात. ग्रिपचा लेसर महाग पडतो, पण ग्रिप नेहमीसारखी पकडली की चालू होतो आणि पिस्तुलाची खालची बाजू मोकळी राहिल्याने बरेचदा जुनं होल्स्टर चालतं. रेलवाल्या किंवा ट्रिगर गार्डवाल्या लेसरला जवळजवळ नेहमीच नवं होल्स्टर घ्यावं लागतं. ती किंमत हिशेबात धरा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेला लेसर महागात जातो. रिकॉइल स्प्रिंगच्या (स्लाइड परत पुढे आणणाऱ्या स्प्रिंगच्या) दांड्यात बसणारा प्रकार दिसायला सुबक असतो, पण त्यात सहसा समायोजनाची सोय नसते. कारखान्यात जो कोन लागला तोच.

स्विच हातात घेऊनच बघा. ट्रिगर गार्डमध्ये बोट न घालता तो दाबता आला पाहिजे, आणि दाबताना हाताची पकड बदलता कामा नये. ट्रिगरच्या बोटानेच स्विच दाबायची सवय लावणारी रचना घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी चालणारा स्विच मागावा. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय बॅटरी वाचवते, पण ती वेळ किती आहे ते आधी माहीत असू द्या.

आता रंग. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात; डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे समान ताकदीचे लेसर घेतले तर ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा ६३५ चा लाल साधारण दुप्पट उजळ दिसतो आणि ५२० चा हिरवा सहापटीहून जास्त. लाल घ्यायचा असेल तर वेष्टनावर ६३५ लिहिलंय का बघा. फक्त "लाल" लिहिलेला बहुधा ६५० चा असतो. हिरव्यात दोन जाती आहेत. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा थेट निघत नाही: ८०८ चा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ चा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची वारंवारिता दुप्पट करून हिरवा देतो. ही साखळी थंडीत मंदावते, धक्क्याने बिघडू शकते, आणि अवरक्त गाळणी काटकसरीत वगळलेली असेल तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो. न दिसणाऱ्या प्रकाशाला डोळा मिटत नाही, म्हणून तो जास्त घातक. ५२० चा डायोड थेट हिरवा देतो. परवडणाऱ्या किमतीत हिरवा हवाच असेल तर हाच घ्या. भर उन्हात मात्र कुठलाच ठिपका फार लांब दिसत नाही. ५ मिलिवॅटचा हिरवासुद्धा थोड्याच अंतरानंतर उन्हात विरघळतो. म्हणून मूळच्या साइट झाकणारा लेसर कधी बसवू नका.

ताकदीची मर्यादा ५ मिलिवॅट, म्हणजे लेसर सुरक्षेच्या वर्गवारीतला ३आर वर्ग. "५० मिलिवॅट, अतितेजस्वी" असं छापलेला स्वस्त माल टाळा. छापलेलं खरं असेल तर डोळ्याला इजा करेल, आणि खोटं असेल तर विकणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? काच, फरशी, चकचकीत धातू यांवरून किरण परावर्तित होतो हे सरावातही ध्यानात असू द्या.

बॅटरीत एक बारीक गोष्ट आहे. एलआर ४४ आणि एसआर ४४ या बटणबॅटऱ्या आकाराने सारख्या. पहिली अल्कलाइन, तिचा विद्युतदाब वापराबरोबर घसरत जातो आणि ठिपका हळूहळू फिका पडतो. दुसरी सिल्व्हर ऑक्साइडची, ती जवळजवळ शेवटपर्यंत दाब टिकवते. लेसरसोबत फुकट येणाऱ्या बॅटऱ्या बहुधा पहिल्या प्रकारच्या असतात, त्या सरावापुरत्या वापरा. ५२० चा हिरवा डायोड लालपेक्षा बराच जास्त दाब मागतो, त्यामुळे हिरव्याची बॅटरी सहसा लवकर संपते. लेसर न उतरवता बॅटरी बदलता येणारी रचना मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

झिरो करण्याकडे येऊ. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवरच्या खुणेवर मूळ साइट जुळवा आणि स्क्रू फिरवून ठिपका फ्रंट साइटच्या टोकावर आणा. काडतुसाच्या आकाराचा, चेंबरमध्ये घालून नळीची दिशा दाखवणारा बोअरसायटर वापरत असाल तर तोही एवढ्याच कच्च्या जुळणीपुरता, आणि रेंजवर जाण्याआधी तो चेंबरमधून बाहेर आलाय याची खात्री करा. रेंजवर टेकूवरून पाच गोळ्यांचा गट मारा, दरवेळी ठिपका खुणेवर ठेवून. गट खाली उजवीकडे पडला तर पिस्तूल स्थिर धरून ठिपका खाली उजवीकडे, म्हणजे गटाच्या मध्याकडे न्या. इथे बरेच जण उलटे जातात, कारण रिअर साइट हलवताना नियम वेगळा असतो: गोळी जिकडे न्यायची तिकडे ती साइट सरकवतात. लेसरमध्ये ठिपका गोळीकडे जातो. स्क्रूजवळच्या बाणांपेक्षा कागदावर डोळ्यांना जे दिसतं त्यावर भरवसा ठेवा.

लेसर नळीच्या खाली असतो, म्हणून झिरोचं अंतर विचारपूर्वक निवडा. समजा लेसर नळीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर खाली आहे आणि झिरो १० मीटरवर केला. ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २ सेंटिमीटर वर लागेल. २५ मीटरवर नुसत्या कोनामुळेच ती ६ सेंटिमीटर खाली जाईल, आणि सेकंदाला ३५० मीटर वेगाच्या गोळीचं तेवढ्या अंतरातलं पतन अडीच सेंटिमीटरच्या आसपास. आखूड अंतरासाठी १० मीटर ठीक आहे, लांबसाठी २० ते २५ मीटरवर झिरो करा.

ठिपका हाताची थरथर उघडी पाडतो, हा त्याचा खरा उपयोग. पण नवशिके ठिपका नेमका मध्यावर आल्याच्या क्षणी ट्रिगर झटकतात आणि गोळी भलतीकडे जाते. ठिपका थोडा डोलू द्या आणि ट्रिगर एकसारखा मागे दाबत राहा. रिकाम्या पिस्तुलाचा सराव लेसर लावून केला तर हा झटका भिंतीवर लगेच दिसतो.

कायद्याचं एकच सांगतो: हँडगनचा परवाना असला म्हणजे लेसरची मुभा असते असं नाही. काही देशांत लेसर साइटवर स्वतंत्र बंधन आहे, आणि आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, याच्या पिस्तूल स्पर्धांत लेसर चालत नाही. खरेदीआधी विचारून घ्या.

देखभाल थोडी, पण नेमाने. पकडीच्या स्क्रूला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर पुरतं. समायोजनाच्या स्क्रूंना ते लावू नका, आणि प्लास्टिकच्या बॉडीवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. ते सुकलं की स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीपर्यंत नेलपेंटची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. पुढच्या काचेवर बसणाऱ्या काजळीने ठिपका पसरट होतो. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा, कोरडी घासू नका. आणि बॅटरीसाठी लेसर उतरवावा लागला असेल तर पुढच्या सरावाची पहिली पाच काडतुसं झिरो तपासण्यासाठी ठेवा.